डोंगराच्या पायथ्याशी

शास्त्रपाठ : मार्क ९:२–२९, स्तोत्र १२१, लूक १३:१–५



सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पायथ्याशी, कृष्णेच्या काठी वाई हे गाव वसले आहे. ह्या पत्राच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. कोणी लग्नकार्यानिमित्त, कोणी घरच्या रुग्णास घेऊन, तर कोणी महाबळेश्वराच्या वाटेवर घटकाभर एस. टी. थांबली म्हणून. २०११ च्या खानेसुमारीत येथील वस्ती सुमारे ३६ हजार भरली. म्हणजे हे धड खेडेही नव्हे आणि शहरही नव्हे. आसपासच्या वाड्यांतील शेतकरी येथे ऊस-हळदीच्या हिशेबासाठी, कचेरीच्या कामासाठी व आठवड्याच्या बाजारासाठी येतात. जुन्या विद्येचे पीठ म्हणून लोक ह्या गावास दक्षिण काशी म्हणत आले. प्राज्ञपाठशाळा येथलीच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे थोर काम येथूनच चालले.

गावात कोठेही उभे राहून मान वर केली की डोंगर दिसतो. एका अंगास पांडवगड, दुसऱ्या अंगास वैराटगड, आणि पश्चिमेस पसरणीच्या घाटाची नागमोडी वाट. तो घाट चढून बारा-तेरा किलोमीटर गेले की पाचगणीचे पठार लागते आणि तेथून पुढे महाबळेश्वर. उन्हाळ्यात वर जाणाऱ्या मोटारींची रांग लागते. वर जाणारा मनुष्य वाईत फार वेळ थांबत नाही. त्याचे मन आधीच वर पोहोचलेले असते. खालचा मनुष्यही दिवसातून दहा वेळा वर पाहतो आणि मनात म्हणतो की, जे काही चांगले आहे ते वरच आहे. थंड हवा वर, मोठ्या शाळा वर, पैसेवाले लोक वर. आपल्या वाट्यास मात्र पायथा आला.

आमची मंडळी ह्याच खोऱ्यात आहे, आणि हा विचार आमच्या लोकांच्या मनात आम्ही वारंवार पाहिला आहे. खरे सांगावयाचे तर तो आमच्याही मनात येऊन गेला आहे. म्हणून पायथ्याशी राहणाऱ्या लोकांसाठी देवाच्या वचनात काय आहे ह्याचा आज आपण एकत्र विचार करू.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका उंच डोंगराची गोष्ट आहे. तो डोंगर कोणता, हे शास्त्र सांगत नाही. जुन्या परंपरेने त्यास ताबोर म्हटले आहे. परंतु त्याच्या आधीच्या अध्यायात प्रभू फिलिप्पाच्या कैसरियाच्या खेड्यांत होता असे असल्यामुळे पुष्कळ भाष्यकार तो हर्मोन असावा असे म्हणतात. फिलिप्पाचे कैसरिया हेही डोंगराच्या पायथ्याचेच गाव होते. हर्मोनाच्या कुशीतून तेथे मोठा झरा फुटतो आणि तो यार्देन नदीला मिळतो. म्हणजे आपल्या वाईसारखेच, वर पर्वत आणि खाली पाणी.

त्या डोंगरावर पेत्र, याकोब व योहान ह्यांनी प्रभूचे रूप पालटलेले पाहिले. त्याची वस्त्रे चकाकली. मोशे व एलीया त्याच्याशी बोलत होते. पेत्राला तेथून हलावेसे वाटेना. येथेच तीन मंडप घालावे असे तो बोलून गेला. आणि शास्त्र प्रांजळपणे नमूद करते की, काय बोलावे हे त्याला कळत नव्हते, कारण ते फार भ्याले होते. पुढे मेघ आला, वाणी झाली, आणि पाहतात तो एकटा येशू उभा आहे. मग ते खाली उतरले. खाली काय होते? लोकांचा घोळका होता. शास्त्री व मागे राहिलेले नऊ शिष्य वाद घालीत होते, आणि त्या वादाच्या मध्ये एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

ह्या पाठातून तीन गोष्टी आम्ही आपल्यापुढे ठेवितो.

पहिली गोष्ट ही की, डोंगर थोर असला तरी साहाय्य त्याच्याकडून येत नाही.

एकशे एकविसावे स्तोत्र आपल्या घराघरांत तोंडपाठ आहे. यात्रेकरू डोंगरांकडे डोळे लावितो आणि आपले साहाय्य कोठून येईल असे विचारतो. पुष्कळ जण येथेच थांबतात व डोंगरांकडूनच साहाय्य येते असे समजून चालतात. परंतु त्याच्या पुढल्याच ओळीत स्तोत्रकर्ता उत्तर देतो. ज्याने आकाश व पृथ्वी ही घडविली त्या परमेश्वराकडून त्याचे साहाय्य येते, डोंगराकडून नव्हे.

पायथ्याशी राहणाऱ्यास ह्या उत्तराचा अर्थ नीट समजतो. घाटावरच्या पाहुण्याला डोंगर केवळ सुंदर दिसतो. पायथ्याच्या माणसाला त्याचे भयही ठाऊक असते. २०२१ च्या जुलै महिन्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा वाई तालुक्यातील कोंढावळे गावाच्या देवरुखवाडीवर दरड कोसळली. ज्या डोंगराच्या आधाराने त्या वाडीने पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधिली, गुरे चारिली, सरपण आणिले, तोच डोंगर एका रात्री घरांवर येऊन पडला. डोंगराला माया नाही आणि वैरही नाही. जो आधार आपल्यावर प्रीती करू शकत नाही, त्याच्यावर जीव टाकणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या वाडवडिलांच्या काळच्या लोकांस हे पुरते ठाऊक होते. वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. ते १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधविले. आपली उपासना वेगळी असली तरी त्या गवंड्यांचे शहाणपण पाहण्याजोगे आहे. देवळाची मागची भिंत त्यांनी माशाच्या आकाराची, टोकदार अशी बांधिली, ती अशासाठी की, डोंगरावरून कृष्णेला पूर आला म्हणजे त्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि इमारत टिकावी. नदी ही माता आहे असे मानणाऱ्या लोकांनीच पूर येणार हे धरून भिंत बांधिली. आपणही आपल्या घरास, मंडळीस व मुलाबाळांस विचारावे की, पूर येईल तेव्हा टिकेल अशी आपली भिंत कोणती? जमीन, नोकरी, वर बसलेल्या कोणा मोठ्या माणसाची ओळख, हे सर्व डोंगरच आहेत. ते आज उभे आहेत म्हणून उद्या सरकणार नाहीत असे नाही. तुझा पाय तो ढळू देणार नाही, हे अभिवचन स्तोत्रकर्त्याने केवळ परमेश्वराच्या नावाने दिले आहे.

दुसरी गोष्ट ही की, वर जे मिळते ते खाली येण्यासाठी मिळते.

आपल्या खोऱ्यात देवाने ह्याचा एक दाखला प्रत्यक्ष मांडून ठेविला आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६०० सेंटिमीटर पाऊस पडतो. पाचगणीस तो सुमारे १७० सेंटिमीटरांवर येतो, आणि खाली वाईस जेमतेम ७० सेंटिमीटरांच्या आसपास उरतो. एवढा फरक बत्तीस-तेहतीस किलोमीटरांच्या आत पडतो. कारण उघड आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे माथ्यावरच रिते करितात. डोंगर ओलांडून इकडे येतात ते बहुधा रिकामेच असतात. खालचा शेतकरी त्या काळ्या ढगांकडे आशेने पाहतो आणि पावसाचा वाटा वरच्या वर संपतो.

येथेच गोष्ट थांबती, तर वाईच्या लोकांनी देवाजवळ गाऱ्हाणे करावे हे ठीक होते. परंतु डोंगराला ते पाणी आपल्याजवळ ठेविता येत नाही. माथ्यावरचा जांभा दगड सच्छिद्र आहे. पडलेले पाणी त्यातून झिरपते, पुष्कळसे उतारावरून वाहून जाते, आणि जेथे आषाढ-श्रावणात सूर्य दिसत नाही तेथीलच कित्येक वाड्यांतील बायांना चैत्र-वैशाखात हंडा घेऊन पाणी शोधीत फिरावे लागते. उलट, माथ्यावरून निघालेली कृष्णा धोमवरून, मेणवलीवरून वाईस येते आणि पुढे सुमारे १,४०० किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. वाईच्या वाट्यास आकाशाने थोडे दिले, पण नदीच्या हाती पुष्कळ पाठविले. गावावर थोडा पाऊस पडूनही गाव हिरवे राहिले, ह्याचे कारण वरचे खाली आले हेच आहे.

पेत्राला मंडप घालावयाचे होते, म्हणजे पडलेला पाऊस माथ्यावरच अडवून ठेवावयाचा होता. प्रभूने तसे होऊ दिले नाही. त्याने शिष्यांना वर नेले खरे, पण तेथे वस्ती करू दिली नाही. बंधूंनो, आपल्यापैकी कित्येक जण दरवर्षी अधिवेशनास जातात, उपवास-प्रार्थनेच्या सभांना जातात, डोळे भरून येतील अशी प्रवचने ऐकतात. तेथे धो धो पाऊस पडतो. पण चैत्र लागला म्हणजे काय शिल्लक असते? शेजाऱ्याशी बोलणे बंद ते बंदच. सासू-सुनेचा अबोला तसाच. भावाभावांचा बांधावरचा तंटा तसाच. ६०० सेंटिमीटर पाऊस पडूनही हंडा रिकामा, हा दोष पावसाचा नव्हे.

ह्या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात वाईच्या वर धोम येथे कृष्णेवर धरण बांधण्यात आले. त्या पाण्याने खालच्या तालुक्यांतील रान भिजले, ऊस उभा राहिला, गावोगावी नळ आले. परंतु ज्यांची शिवारे पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांना चूल उचलून दुसऱ्या मुलखात नवे दार लावावे लागले. खालच्या माणसाची ओंजळ भरते तेव्हा वर कोणीतरी आपले घर सोडलेले असते. ख्रिस्ती मनुष्याने हे कधी विसरू नये. कारण आपले तारणही असेच आले आहे. ज्याने आपले वैभव बाजूला ठेवून दासाचे रूप घेतले, त्याच्या उतरण्यामुळे आपण जगलो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषिताने हेच सांगितले आहे.

तिसरी गोष्ट, जी आम्हांस सांगावयास जड जाते, ती ही की, पायथ्याशी दुःखी मनुष्य उभा असता वाद घालीत बसू नये, आणि न्यायनिवाडाही करीत बसू नये.

प्रभूचे नाव आपल्या खोऱ्यात दोन रीतींनी आले. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा व कृष्णेचा सुंदर घाट आहे. तेथील लहानशा घंटाघरात एक थोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांपासून वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती इकडे आली असे सांगतात. म्हणजे मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ताची आकृती ह्या नदीकाठी पोहोचली होती, पण लढाईची लूट म्हणून. ती घंटा वाजली, परंतु ती कोणाविषयी बोलते हे कोणास कळले नाही. पुढे अमेरिकन मराठी मिशनची माणसे आली, शाळा काढिल्या, दवाखाना उघडिला. आणि कुडाच्या घरातील बाळंतिणीपासून वाड्यातील म्हाताऱ्यापर्यंत सर्वांच्या अंगावरून हात फिरला, तेव्हा ते नाव बोलू लागले. आकृती तीच होती. एकदा ती धातूवर होती, दुसऱ्यांदा माणसाच्या हातांत होती.

आमच्या लहानपणी आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई होत्या. मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांचे आयुष्य गेले होते. आम्ही सर्व मुले त्यांस मावशी म्हणत असू. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, वाईच्या उत्तरेस डोंगरावर मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. वाट अरुंद व चढणीची, पायऱ्या निसरड्या, गर्दी अफाट, त्यात दुकानांना लागलेली आग. २९० च्या आसपास माणसे मेली, त्यांत बाया व मुले पुष्कळ होती. मृत व जखमी डोंगरावरून खाली आणिले जाऊ लागले.

आम्ही तेव्हा सेमिनरीचे विद्यार्थी होतो आणि त्या दिवसांत घरी आलो होतो. संध्याकाळी आमच्याच लोकांच्या एका बैठकीत कोणी म्हणाले की, हा मूर्तिपूजेचा दंड आहे. दुसऱ्याने त्यास एक वचन जोडिले. तिसऱ्याने मान हलविली. आम्ही शास्त्राचे विद्यार्थी. आम्हांस लूकाचा तेरावा अध्याय पाठ होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतर सर्वांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने ऐकणाऱ्यांस बजाविले होते. आणि दुसऱ्यांच्या मरणाकडे पाहून आपल्याच पापाचा पश्चात्ताप करा असे सांगितले होते. हे सारे ठाऊक असूनही आम्ही गप्प बसलो. वडील माणसांपुढे बोलावे कसे, असे मनाशी म्हटले. तेवढ्यात मावशी दाराशी आल्या. त्या आत बसल्या नाहीत. त्यांनी आम्हांस हाक मारून म्हटले, "बाळा, खाली चादरी कमी पडताहेत. तुझ्या आईची जुनी लुगडी असतील तेवढी दे, आणि तूही चल." त्या वयाने सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. रात्रभर त्या जखमींजवळ होत्या. कोणाचा देव कोणता हे त्यांनी एकालाही विचारिले नाही.

त्या रात्री आम्ही धडा शिकलो असे आम्हांस वाटले. पण एकदा शिकलेला धडा आपण किती लवकर विसरतो, हे कळण्यासाठी पुढील गोष्ट सांगतो.

काही वर्षांमागे आम्ही पाचगणीस पाळकांच्या एका शिबिरास गेलो होतो. तीन दिवस प्रार्थना व अभ्यास झाला. खरोखर आशीर्वाद मिळाला. उतरताना घाटाच्या वळणांवरून खालचे खोरे, नदी आणि घरांची छपरे दिसत होती, आणि मन भरून आले होते. येणाऱ्या रविवारी मंडळीला हे सर्व सांगू, असे योजून आम्ही मोठ्या आवेशाने प्रवचन सुरू केले. ते रंगात आले असता मागल्या बाकावर एका गृहस्थाच्या बारा वर्षांच्या मुलाला फेफरे आले. तो खाली पडला. त्याच्या तोंडास फेस आला. बाया घाबरून उठल्या. आम्ही व्यासपीठावर उभे राहिलो आणि मुलाला बाहेर नेईपर्यंत वाट पाहिली. वाट पाहताना आमच्या मनात काय होते हे देवाला ठाऊक आहे. प्रवचनाचा धागा तुटला, हे आमच्या मनात होते. उपासनेनंतर पंचमंडळींपैकी एकदोघांनी त्या बापाला सुचविले की, मुलाला काही दिवस घरीच ठेवावे, म्हणजे उपासनेत अडथळा येणार नाही. आम्ही ते ऐकले आणि काही बोललो नाही.

त्या दिवसापासून ते कुटुंब येईनासे झाले. दोन महिने गेले. मग पाठाच्या क्रमाने मार्काचा नववा अध्याय आला. शनिवारी रात्री तो वाचीत असता आमच्या हातून पुस्तक खाली राहिले. डोंगरावरून उतरलेले आम्हीच होतो. घोळकाही आमचाच होता. आणि प्रभूच्या जागी कोणीच नव्हते. त्या शिष्यांनी निदान मुलाला बरे करण्याचा प्रयत्न तरी केला होता. आम्ही त्याला दाराबाहेर ठेविले होते.

सकाळी उपासनेच्या आधी आम्ही त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. तो गृहस्थ ओट्यावर बसला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाळकसाहेब, पोराला तुम्ही बरं करावं असं मी कधी म्हणलो नव्हतो. तो पडला तेव्हा तुम्ही खाली उतराल, एवढंच वाटलं होतं." बंधुभगिनींनो, व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत. त्या तीन पायऱ्या उतरणे आम्हांस जमले नव्हते.

पुढे आम्ही त्यांच्याबरोबर साताऱ्यास वैद्यांकडे गेलो. फेफरे हा मेंदूचा आजार आहे; तो भूतबाधा नव्हे, आईबापांच्या पापाचे फळ नव्हे, आणि स्पर्शाने लागणाराही नव्हे. औषध रोज, न चुकता, वर्षानुवर्षे घेतले तर बहुतेकांचे झटके थांबतात किंवा पुष्कळ कमी होतात. मध्येच औषध सोडले तर ते फिरून जोराने येतात. झटका आला म्हणजे रोग्याला कुशीवर निजवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्या, तोंडात काही कोंबू नये, कांदा किंवा जोडा हुंगवू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ दवाखान्यात न्यावे. ही माहिती आम्ही प्रवचनात देतो ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु ज्या पाठात प्रभू त्या बापाला, हे ह्याला केव्हापासून होते, असे प्रथम विचारतो, तो पाठ वाचून आपण रोग्याची विचारपूसही करू नये, हे अधिक नवल आहे. त्या मुलाचे झटके आता कमी झाले आहेत. अगदी गेले नाहीत. तो दर रविवारी उपासनेस येतो आणि पुढल्या बाकावर बसतो. तो पडला तर काय करावयाचे हे आमच्या तरुण संघातील मुलामुलींना ठाऊक आहे.

शिष्यांनी एकांतात प्रभूला विचारिले की, आमच्याने ते का झाले नाही? त्याने त्यांना प्रार्थनेकडे वळविले. त्यांच्याजवळ वादासाठी शब्द होते, पण देवाजवळ मागण्यासाठी नव्हते. त्या बापाजवळ उलट होते. त्याचा विश्वास अर्धा होता, आणि तो अर्धा आहे हे त्याने रडत कबूल केले. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याने येशूचेच साहाय्य मागितले. प्रभूने त्याला पुरा विश्वास घेऊन ये म्हणून परत पाठविले नाही. त्याने मुलाचा हात धरला आणि त्याला उठविले.

आता ह्या सर्वांचा आपल्याशी काय संबंध, हे थोडक्यात सांगून आम्ही पुरे करितो.

पायथ्याशी राहणाऱ्या बंधूंनो, आपण मागे राहिलो असे मनात आणू नका. प्रभू डोंगरावर काही घटका होता. त्याचे आयुष्य खालच्या गावांत, ओट्यांवर, वाटांवर व मचव्यांत गेले. त्याला शोधावयाचे असेल तर तो बहुतकरून खालीच सापडेल.

पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलामुलींनो, तुम्ही वर चढला ह्याचा आम्हांस आनंद आहे. तुमच्या शिक्षणासाठी येथे कोणी दागिना मोडला, कोणी म्हैस विकली. जे मिळाले ते अडवून ठेवू नका. महिन्यातून एक पत्र, वर्षातून एक फेरी, म्हाताऱ्या आईबापांच्या औषधाचा खर्च, गावच्या एका पोराची फी, इतके तरी झिरपू द्या. खालच्या विहिरी वरच्या पाण्यावर जगतात.

आणि मंडळीच्या वडिलांनो व पंचांनो, ह्या आठवड्यात आपल्या यादीवरची नावे वाचा. कोण येईनासे झाले आहे ते पाहा. कोणाच्या घरी कोणते दुःख झाकून ठेविलेले आहे ते हळुवारपणे विचारा. कमिटीचा वाद एक महिना तसाच राहिला तरी नदी आटणार नाही. पण मागल्या बाकावरून उठून गेलेला मनुष्य पुन्हा येईलच असे नाही.

वाईच्या घाटावर संध्याकाळी उभे राहिले म्हणजे डोंगरावरचा उजेड आधी जातो आणि पाण्यावरचा थोडा वेळ राहतो. आपणही असे असावे. सभा संपो, गीत थांबो, माथ्यावरचे तेज दिसेनासे होवो; पायथ्याशी मात्र कोणाच्या तरी अंगणात दिवा लावलेला असावा आणि त्या अंगणात एखादे पडलेले लेकरू उठून उभे राहावे. ज्याने ढग पाठविले व नदी वाहविली, तो परमेश्वर आपणां सर्वांस खाली उतरण्याची कृपा देवो.

आमेन.